शिक्षक पात्रता परीक्षा आणि रसायनशास्त्राची तयारी

सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाचा रसायनशास्त्राशी दोन प्रकारे परिचय असतो. एक, विद्यार्थिदशेत पाठ केलेल्या व्याख्यांचा व सूत्रांचा. आणि दुसरा, रोजच्या पाठाच्या निमित्ताने पाठ्यपुस्तकाच्या त्या त्या पानाचा. पहिला काळाच्या ओघात पुसट होतो, तर दुसरा त्या पानापुरताच मर्यादित राहतो. पात्रता परीक्षेत मात्र एका पानावरील गोष्टीचा दुसऱ्या पानावरील गोष्टीशी असलेला संबंध विचारला जातो. अनेक वर्षे यशस्वीपणे वर्ग चालविलेल्या शिक्षकासही ही परीक्षा कठीण वाटते, त्याचे मुख्य कारण हेच होय. ही अडचण बुद्धीची नसून अभ्यासाच्या पद्धतीची आहे, आणि म्हणूनच ती दूर करता येण्याजोगी आहे.

परीक्षेची पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या २३ व्या कलमानुसार शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे सोपविण्यात आले. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली व ११ फेब्रुवारी २०११ रोजी तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांजकडून घेतली जाते. पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. आरंभी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची होती. २०२१ मध्ये ते आजीव ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला.

पुष्कळ वर्षे ही परीक्षा नव्याने नोकरी शोधणाऱ्यांची आहे असाच समज होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने ही स्थिती पालटली. अधिनियम अंमलात येण्यापूर्वी नेमल्या गेलेल्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्या निर्णयात सांगितले आहे. तसे न झाल्यास सेवा सोडावी लागेल किंवा सेवानिवृत्ती पत्करावी लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना परीक्षा न देता निवृत्तीपर्यंत काम करता येईल. परंतु पदोन्नती हवी असल्यास परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांतील शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठविला. निर्णयानंतर न्यायालयाकडून वा शासनाकडून निघणारे आदेश मूळ स्वरूपात वाचावेत. ऐकीव वार्तेवर विसंबून तयारी थांबवू नये.

वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकास या वयात पुन्हा परीक्षार्थी म्हणून बसणे जड वाटते, हे स्वाभाविक आहे. घरचा संसार, शाळेची माहितीपत्रके, निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे यांतून वेळ काढावयाचा असतो. अपयश आल्यास सहकाऱ्यांत व गावात काय म्हटले जाईल, ही धास्ती निराळीच. अशा मनःस्थितीचा लाभ घेणारे लोकही असतात. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द केली. पैसे घेऊन उत्तीर्ण करून देण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून शिक्षकाने दूर राहावे. त्या मार्गात पैशाबरोबर नोकरी आणि नावलौकिक ही दोन्ही जातात.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप

पहिली ते पाचवीसाठी पहिली प्रश्नपत्रिका आणि सहावी ते आठवीसाठी दुसरी, अशी विभागणी आहे. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १५० प्रश्न, १५० गुण व अडीच तासांचा अवधी असतो. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३० आणि गणित व विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे ६०, अशी गुणांची वाटणी आहे. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाने गणित-विज्ञानाचा गट घ्यावयाचा असतो. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही मर्यादा ५५ टक्के आहे. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत.

प्रश्न सहावी ते आठवीच्या अभ्यासक्रमावर आधारलेले असले, तरी त्यांची काठिण्यपातळी व संदर्भ उच्च माध्यमिक स्तरापर्यंत जाऊ शकतात, असे २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. यास्तव आठवीचे पुस्तक वाचून थांबणाऱ्याची तयारी अपुरी पडते, आणि थेट बारावीच्या पुस्तकापासून आरंभ करणाऱ्याचा कालापव्यय होतो. बालभारतीने २०१६ ते २०१८ या काळात काढलेली सहावी ते दहावीची विज्ञानाची पाच वर्षांची पुस्तके क्रमाने वाचावीत. आणि जेथे कारण उमगत नसेल तेवढ्यापुरते अकरावीच्या पुस्तकाचे साहाय्य घ्यावे, हा मध्यम मार्ग होय.

परिभाषेतील एक धोका

बाजारात मिळणारी अनेक मार्गदर्शक पुस्तके व चित्रफिती हिंदीत असतात. त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र मराठी व हिंदी परिभाषेत काही शब्द सारखे असून त्यांचे अर्थ भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला मराठीत अणू म्हणतात. हिंदीत त्यालाच परमाणु म्हणतात. अणूंच्या जोडणीने झालेल्या कणाला मराठीत रेणू म्हणतात, तर हिंदीत त्याला अणु हे नाव आहे. म्हणजे एकच शब्द दोन भाषांत दोन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो.

दुसरी जोडी याहून फसवी आहे. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने पाण्याखेरीज जो पदार्थ तयार होतो, त्यास मराठीत क्षार म्हणतात. हिंदीत त्यास लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द अल्कलीसाठी वापरतात. हिंदी पुस्तकातील क्षाराचे गुणधर्म, म्हणजे तांबड्या लिटमसला निळे करणे, बुळबुळीत लागणे इत्यादी, मराठीतील क्षाराला चिकटविले तर एका गैरसमजुतीपायी अनेक प्रश्न चुकतात. त्याचप्रमाणे हिंदीतील तत्व म्हणजे मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग आणि अपचयन म्हणजे क्षपण होय. वहीच्या पहिल्या पानावर अशा शब्दांचे कोष्टक करून ठेवावे.

अभ्यासाचा क्रम

रसायनशास्त्राची प्रकरणे एकमेकांवर रचलेली आहेत. रासायनिक समीकरण समजावयाचे तर संयुजा माहीत हवी. संयुजा समजावयाची तर अणूच्या बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉनांची संख्या काढता आली पाहिजे. आणि त्यासाठी अणुअंकाचा अर्थ स्पष्ट हवा. पुष्कळ शिक्षक समीकरणे अवघड म्हणून तीच पुन्हा पुन्हा वाचतात. वस्तुतः अडचण दोन पायऱ्या खाली असते.

सोडियमचे उदाहरण घ्यावे. त्याचा अणुअंक ११ व वस्तुमानांक २३. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या. म्हणून प्रोटॉन ११. वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज. म्हणून न्यूट्रॉन १२. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असल्याने इलेक्ट्रॉनही ११, आणि त्यांची मांडणी २, ८, १. शेवटचा एक इलेक्ट्रॉन दिला की उरलेली मांडणी २, ८ अशी स्थिर होते. म्हणून सोडियमची संयुजा १. क्लोरिनचा अणुअंक १७, मांडणी २, ८, ७. त्यास एक इलेक्ट्रॉन घेतला की अष्टक पूर्ण होते. म्हणून त्याचीही संयुजा १. एकाने द्यावयाचा व एकाने घ्यावयाचा, म्हणून मिठात सोडियम व क्लोरिन यांचे प्रमाण एकास एक. कॅल्शियमची मांडणी २, ८, ८, २ असल्याने त्याला दोन इलेक्ट्रॉन द्यावयाचे असतात. त्यांना घेण्यास दोन क्लोरिन लागतात. ॲल्युमिनियमची संयुजा ३ व ऑक्सिजनची २; दोन ॲल्युमिनियम मिळून सहा इलेक्ट्रॉन देतात व तीन ऑक्सिजन मिळून सहा घेतात; म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये प्रमाण दोनास तीन. ही साखळी एकदा हाताने लिहून काढली, म्हणजे पाठांतरावाचून पुष्कळ रेणुसूत्रे आपोआप लिहिता येतात.

समीकरण संतुलित करताना होणारी नेहमीची चूक याच ठिकाणी सांगणे उचित होय. हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून पाणी होते. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू असतो; परंतु ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू असतात. एक ऑक्सिजन अणू अधिक उरतो असे पाहून काही जण पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या पायाशी दोनचा अंक लिहितात. तसे केल्याने हिशेब जुळतो, पण पदार्थ पालटतो. ते पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते. सूत्राच्या पायाशी असलेला अंक पदार्थाची ओळख सांगतो, त्यास हात लावावयाचा नसतो. सूत्राच्या आधी लिहावयाचा अंक रेणूंची संख्या सांगतो, तोच बदलावयाचा असतो. म्हणून हायड्रोजनचे दोन रेणू व ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू, हे खरे समीकरण.

संकल्पनांतील खाचखळगे

भौतिक व रासायनिक बदल हा विषय सोपा वाटतो. परंतु गुण येथेच जातात. जो बदल उलट फिरविता येत नाही तो रासायनिक, अशी एक ढोबळ खूण वर्गात सांगितली जाते. ती नेहमी लागू पडत नाही. फुटलेली काच पुन्हा पूर्ववत होत नाही, तरीही काच फुटणे हा भौतिक बदलच आहे. कारण तुकडे काचेचेच राहतात. उलटपक्षी निळे मोरचूद तापविले की त्यातील स्फटिकजल निघून जाऊन ते पांढरे होते आणि त्यावर पाण्याचे थेंब टाकले की पुन्हा निळे होते. हा बदल उलट फिरतो, तरी रासायनिक आहे. खरी कसोटी एकच: नवा पदार्थ तयार झाला किंवा नाही? मेणबत्ती जळताना मेण वितळते हा भौतिक बदल, आणि त्याच मेणाची वाफ जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होते हा रासायनिक बदल. दोन्ही एकाच ज्योतीपाशी घडतात, म्हणून हा दाखला परीक्षकांना प्रिय आहे.

आम्ल व आम्लारी ओळखण्याच्या दर्शकांविषयीही असेच. हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो, कारण साबणाचे द्रावण आम्लारिधर्मी असते. यावरून हळद हा दर्शक आहे हे कळते; परंतु हळदीचा कागद पिवळाच राहिला तर द्रावण आम्लधर्मी आहे असे ठरत नाही, ते उदासीनही असू शकेल. फिनॉल्फ्थॅलीनची गोष्ट तशीच: आम्लारीत गुलाबी, आम्लात रंगहीन आणि शुद्ध पाण्यातही रंगहीन. लिटमसच्या दोन रंगांच्या दोन पट्ट्या वापरल्या म्हणजे हा संशय राहत नाही. सामू या मापनात ७ हा अंक उदासीनतेचा, त्याखाली आम्लता व त्यावर आम्लारिता, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र सामूतील एका अंकाचा फरक हायड्रोजन आयनांच्या प्रमाणातील दहापट फरक दाखवितो, हे ध्यानात नसल्याने सामू ३ व सामू ५ यांची तुलना विचारली असता दुप्पट किंवा वीसपट अशी उत्तरे येतात. खरे उत्तर शंभरपट असे आहे.

धातू व अधातू यांत नियमापेक्षा अपवादांवर प्रश्न अधिक येतात. पारा हा धातू असून सामान्य तापमानास द्रवरूप, ब्रोमिन हा अधातू असून द्रवरूप, ग्रॅफाइट हे अधातू कार्बनचे रूप असून विजेचे वाहक, आयोडीन अधातू असून चकाकदार, सोडियम धातू असून सुरीने कापता येण्याइतका मऊ. भूकवचात सर्वाधिक आढळणारा धातू ॲल्युमिनियम. परंतु सर्वाधिक आढळणारे मूलद्रव्य ऑक्सिजन. प्रश्नात ‘धातू’ आहे की ‘मूलद्रव्य’, हे पाहूनच खूण करावी.

शास्त्रज्ञ व वर्षे यांविषयीचे प्रश्न थोडे असतात. तेव्हा ते एकाच कथेत गुंफून लक्षात ठेवावेत. डाल्टनने १८०३ मध्ये अणुसिद्धान्त मांडला. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी केली. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. रुदरफोर्डने १९११ मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना दिली. बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक कक्षा सांगितल्या. चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला. प्रत्येकाने आधीच्या प्रतिकृतीतील एकेक उणीव भरून काढली, हा धागा ध्यानात आला म्हणजे क्रम चुकत नाही.

गावातील साधनांतून अभ्यास

ग्रामीण शाळेत प्रयोगशाळा नसते ही तक्रार खरी आहे. तरीही रसायनशास्त्राची पुष्कळ सामग्री गावातच असते आणि तिच्यावरून केलेला अभ्यास पुस्तकापेक्षा अधिक टिकतो.

पाणी तापविण्याच्या बंबाच्या तळाशी साचणारा पांढरा थर घ्यावा. विहिरीच्या कठीण पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी उकळले की त्यांचे विघटन होऊन न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. यालाच तात्पुरती कठीणता जाणे म्हणतात. क्लोराइडे व सल्फेटे यांमुळे आलेली कठीणता उकळून जात नाही. तिच्यासाठी धुण्याचा सोडा लागतो. बंबातील थराचा तुकडा लिंबाच्या रसात टाकल्यास बुडबुडे येतात; तो कार्बन डायऑक्साइड होय. हा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते, कारण तेथे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. वायू आणखी सोडीत राहिल्यास दुधाळपणा नाहीसा होतो, कारण विरघळणारे बायकार्बोनेट बनते. म्हणजे बंबात घडले त्याच्या उलट हा बदल झाला. एका थराच्या तुकड्यातून कठीणता, अपघटन, आम्लाची कार्बोनेटवरील क्रिया आणि वायूची ओळख, असे चार विषय जोडले जातात.

दुसरे उदाहरण बागायतदार शेतकऱ्याचे. द्राक्ष, संत्रे, सुपारी इत्यादी पिकांवर बुरशीच्या बंदोबस्तासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्यास मोरचूद एक किलो व चुना एक किलो असे प्रमाण घेतात. मिश्रण तयार झाल्यावर जाणता शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा सुरीचे स्वच्छ पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालतो. या एका कृतीत विस्थापन अभिक्रिया उतरली आहे. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते द्रावणातील तांब्यास बाहेर काढून त्याची जागा घेते. मोकळे तांबे पात्यावर बसते. चुना पुरेसा असल्यास तांबे न विरघळणाऱ्या संयुगात बांधले जाते व पात्यावर चढत नाही. तांब्याची तार लोखंडाच्या सल्फेटच्या द्रावणात टाकल्यास काही का घडत नाही, हा परीक्षेतील प्रश्न याच तत्त्वावर सुटतो.

ग्रामपंचायतीकडून विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर, पापडखार, तुरटी, गोबरगॅस, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीतील प्रोपेन व ब्यूटेन, या वस्तूंविषयीही असाच विचार करावा. प्रत्येकीसंबंधी तीन प्रश्न वहीत लिहावेत: हिच्यात मुख्य पदार्थ कोणता? तिच्या वापराच्या वेळी कोणता बदल घडतो? तो कशावरून ओळखता येतो? प्रयोग करताना मोरचूद विषारी आहे हे विसरू नये, आणि तीव्र आम्ल सौम्य करताना नेहमी पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडावे, आम्लात पाणी ओतू नये.

नमुन्यादाखल काही प्रश्न

१. पुढीलपैकी रासायनिक बदल कोणता: मेण वितळणे, कापूर उडून जाणे, कळीच्या चुन्यावर पाणी टाकणे, मीठ पाण्यात विरघळणे? पहिल्या दोहोंत केवळ अवस्था पालटते. मीठ पाणी आटवून परत मिळते. कळीच्या चुन्याचे मात्र पाण्याशी संयोग होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा नवा पदार्थ होतो व पुष्कळ उष्णता बाहेर पडते. म्हणून तिसरा पर्याय.

२. १२ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्णपणे जाळल्यास किती मॅग्नेशियम ऑक्साइड मिळेल? मॅग्नेशियमचे अणुवस्तुमान २४ व ऑक्सिजनचे १६. म्हणून २४ ग्रॅमपासून ४० ग्रॅम आणि १२ ग्रॅमपासून २० ग्रॅम. जळाल्यावर वजन घटते, या समजुतीने १२ पेक्षा लहान आकडा निवडणारे येथे फसतात. लाकूड जळाल्यावर राख हलकी भरते, कारण त्यातील बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. मॅग्नेशियममध्ये हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच पाळला जातो.

३. ॲल्युमिनियमचा अणुअंक १३ व वस्तुमानांक २७ आहे. त्याच्या तीन धनप्रभारांच्या आयनात इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन किती? आयन होताना केवळ इलेक्ट्रॉन जातात. केंद्रकास धक्का लागत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन १०, न्यूट्रॉन १४.

४. ९ ग्रॅम पाण्यात हायड्रोजन किती? पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वस्तुमानाने प्रमाण १ : ८ असते, म्हणून हायड्रोजन १ ग्रॅम व ऑक्सिजन ८ ग्रॅम. अणूंच्या संख्येचे प्रमाण २ : १ आणि वस्तुमानाचे प्रमाण १ : ८ यांत गल्लत करू नये.

वेळेची आखणी

परीक्षेस तीन महिने उरले असल्यास पुढीलप्रमाणे आखणी करता येईल. पहिले दोन आठवडे द्रव्याच्या अवस्था, मूलद्रव्ये, संयुगे, मिश्रणे, ती वेगळी करण्याच्या पद्धती व भौतिक-रासायनिक बदल यांस द्यावेत. तिसरा व चौथा अणूची रचना, समस्थानिके व आवर्तसारणी यांस; पाचवा व सहावा संयुजा, रेणुसूत्रे, समीकरणे व वस्तुमानाचे हिशेब यांस; सातवा व आठवा आम्ल, आम्लारी, क्षार व पाण्याची कठीणता यांस; नववा धातू-अधातू व क्षरण यांस; दहावा कार्बन, इंधने व नित्य वापरातील पदार्थ यांस. शेवटचे दोन आठवडे संपूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविण्यासाठी राखून ठेवावेत. रसायनशास्त्रासाठी रोज चाळीस ते पन्नास मिनिटे पुरतात. उरलेला वेळ गणित, भाषा व बालमानसशास्त्र यांस द्यावा लागतो, हे विसरून चालणार नाही. एकट्या रसायनशास्त्राने ९० गुण होत नाहीत.

वाचनाच्या पद्धतीविषयी एक गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन प्रकारच्या अभ्यासाची तुलना केली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेच घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले. परंतु एका आठवड्यानंतर, उतारा बाजूस ठेवून आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्या ध्यानात अधिक राहिले. प्रौढ परीक्षार्थींनीही हीच रीत ठेवावी. प्रकरण एकदा काळजीपूर्वक वाचावे, पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे. तोच भाग तीन दिवसांनी व पुन्हा दहा दिवसांनी असाच लिहून काढावा.

सोबत चुकांची एक वही ठेवावी. तीत केवळ बरोबर उत्तर लिहू नये. चूक का झाली तेही लिहावे. ‘प्रश्न नीट वाचला नाही’, ‘संकल्पना चुकीची होती’, ‘ठाऊक नव्हते’ अशी तीन सदरे पुरतात. पहिल्या सदरातील चुका सावधपणाने, दुसऱ्यातील विचाराने व तिसऱ्यातील वाचनाने कमी होतात. कोणत्या सदरात अधिक नोंदी आहेत हे पाहिल्यावर पुढील आठवड्यात काय करावयाचे ते आपोआप ठरते.

केंद्रातील चार-पाच शिक्षकांनी एकत्र येऊन विषय वाटून घेतले तर काम हलके होते. कला शाखेतून पदवी घेतलेल्या परंतु विज्ञान शिकविण्याची वेळ आलेल्या शिक्षकांस याचा विशेष लाभ होईल. एकाने संयुजा समजावून द्यावी, दुसऱ्याने आम्ल-आम्लारी, तिसऱ्याने गणितातील एखादा भाग. दुसऱ्यास समजावून देताना स्वतःच्या समजुतीतील छिद्रे उघडी पडतात. शिक्षण परिषदेच्या दिवशी यासाठी अर्धा तास ठेवणे केंद्रप्रमुखांस अशक्य नाही.

परीक्षेच्या दिवशी

१५० प्रश्नांना १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नास सरासरी एक मिनिट मिळते. रसायनशास्त्रातील माहितीचे प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवून उरलेला वेळ गणिताकडे वळवावा. प्रश्नातील ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘वगळता’ या शब्दांखाली रेघ ओढावी. जो प्रश्न सुटत नाही त्यावर खूण करून पुढे जावे. शेवटी चारपैकी निश्चित चुकीचे पर्याय बाद करून उरलेल्यांतून एक निवडावा. गुण वजा होत नसल्याने कोणताही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ शाईने एकदा भरले म्हणजे बदलता येत नाही. यास्तव प्रश्नाचा क्रमांक व वर्तुळाचा क्रमांक दर दहा प्रश्नांनंतर ताडून पाहावा.

मार्गदर्शक सूचनांनुसार या प्रश्नपत्रिकेत विषयाच्या संकल्पनांबरोबर तो विषय शिकविण्याची समजही पाहिली जाते. विद्यार्थ्याने मीठ विरघळले म्हणजे नाहीसे झाले असे म्हटल्यास शिक्षकाने काय करावे, अशा धर्तीचे प्रश्न येऊ शकतात. तेथे अनुभवी शिक्षकाची बाजू नवख्या उमेदवारापेक्षा बळकट असते, कारण असे उत्तर त्याने वर्गात अनेकदा ऐकलेले असते. ‘चूक’ म्हणून पुढे जाण्याऐवजी ताटलीत ते पाणी उन्हात ठेवून मिठाचे कण मुलांना दाखविणे, हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याने या परीक्षेच्या निमित्ताने संयुजा, समीकरणे व दर्शक नीट समजून घेतले, त्याच्या वर्गातील मुलांना पुढील वर्षी तेच पाठ अधिक स्पष्ट कळतील. तयारीचा आरंभ आठवीच्या पुस्तकातील अणूच्या रचनेच्या पाठापासून केला, तरी पहिल्या आठवड्यातच ही गोष्ट प्रत्ययास येईल.